कूलर सुरू असेपर्यंत

सुमन, तेरवी झाली. पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, अन् बुंदीचं टोपलं अजून सैपाकखोलीत तसंच पडून आहे. तुझ्या नितीननं फोटोखाली ठेवाले एक कागद छापून आणला होता. आदर्श गृहिणी, प्रेमळ माता, धार्मिक वृत्ती. मी वाचलं अन् मले मेलं हसू फुटलं. रडणाऱ्या बायांमधे बसून मी पदर तोंडात कोंबला. त्यांले वाटलं, लहान जाऊ लय रडून राहिली बिचारी. धार्मिक वृत्ती म्हणे! पुस्तकातल्या ढोरक्याच्या छातीचं वर्णन मागं जाऊन पुन्हा वाचून दाखवणारी बाई तू!

तुले नुसतं सुमन म्हणून राहिली, राग नको मानू. खोलीच्या बाहेर तू माझी मोठी जाऊ, सुमनताई, अहो-जाहो. खोलीच्या आत कूलर सुरू झाला की अगं-तुगं. हा नियम तूच केला होता. "असलं काही ऐकणारीनं मले अहो म्हटलं, तर मलेच लाज वाटते वं," असं म्हणाली होती. आज घरात मोठ्यानं रडाची सोय नाही, म्हणून लिहून राहिली. लिहिताना मी आपल्या त्या खोलीतच आहे असं समज.

नंदनवन वस्तीतल्या या घरात चैत्र लागला की मागच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी कूलर चढायचा. ताट्यांमधे नवीन खस, टाकीत पाणी, अन् पंख्याचं एक पातं जाळीले घासायचं. घर्रर्र घर्रर्र, दुपारभर. इतका आवाज, की आतलं बोलणं दाराबाहेर जायचं नाही. बाहेर बैठकीत आपले सासरे अन् तुझे मालक सतरंजीवर पडलेले. आत तू मांडीवर पुस्तक घेऊन, अन् मी लसूण सोलत. म्हणून आपली पुस्तकं फक्त उन्हाळ्यातली. कूलर उतरला की पुस्तकं ट्रंकेत, अन् मग पुढच्या चैत्रापर्यंत आपण दोघी चांगल्या सुना.

नितीन नवीन नोकरीले लागला होता तेव्हाची गोष्ट आठवते? आईले अन् काकूले आवाजाचा त्रास होते म्हणून त्यानं सुटीच्या दिवशी पात्याले तेल घातलं, जाळी ठोकून सरळ केली. कूलर एकदम उगामुगा. आपण दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तशी तू उलथन्याच्या दांड्यानं जाळी परत वाकवली. संध्याकाळी तो विचारून राहिला, "आई, हे पुन्हा काहून घासून राहिलं?" तू म्हणाली, "उन्हानं लोखंड फुगते बाबू." मी ताक पीत होती, ते नाकातून आलं.

पुस्तकं इंग्रजी प्रेमकथांची, सीताबर्डीच्या फुटपाथवरची, जुनी, पिवळी पडलेली. वर चित्र म्हणजे उघड्या अंगाचा माणूस, मागं घोडा, अन् त्याच्या हातावर एक बाई अशी वाकलेली की पाहूनच माझी कंबर दुखायची. तू त्यांले शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालायची अन् वर मराठीत सुरेख अक्षरात लिहायची, "इंग्रजी व्याकरण". सासरे आल्यागेल्याले कौतुकानं सांगायचे, मोठी सून अजूनही व्याकरण सोडत नाही. अन् तू डोक्यावरचा पदर सारखा करायची.

तू कामठीची, कॅन्टोन्मेंटमधल्या शाळेत शिकलेली, पुढं स्वतः इंग्रजी शिकवणारी. मी खाप्याची. मले बसवरची पाटी वाचता येते, त्यापुढं इंग्रजी नाही. तू अर्धं पान मनात वाचायची, बोट तिथंच ठेवायची, अन् मग आपल्या भाषेत सांगायची. काउबॉयचा तू ढोरकी केला. शेरीफचा ठाणेदार. तिकडच्या दारूच्या दुकानाचा गुत्ता. अन् ते मोठ्ठं माळरान कसं, तर "उमरेडच्या पुढं खाणी सोडल्या की जे उघडं लागते ना, तसं समज." धूळ, ऊन, ढोरं, आटलेली विहीर. मले त्यात कुठंच परकं वाटलं नाही. राजवाड्यातल्या सरदारांचीही पुस्तकं तू एका वर्षी आणून पाहिली होती. त्यात सारे नुसते चहा पितात म्हणून आपल्याले ती पटली नाहीत.

अन् बाई? ती यायची चिठ्ठीवर लग्न ठरवून. माणूस पाहिलेला नाही, गाव पाहिलेलं नाही. एक पेटी घेऊन रेल्वेतून उतरते, चौफेर धूळ, अन् एक अनोळखी उंच माणूस येऊन तिची पेटी उचलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. "माय वं, हे तर माझंच आहे," मी म्हटलं. मी पण फोटोवरच आली होती. लग्नाच्या आधी त्या माणसाचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. वरातीच्या बसमधे पूर्ण वेळ त्याच्या बुटाकडे पाहत बसली होती. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपल्या साऱ्यांचंच आहे हे. म्हणूनच तर सांगून राहिली. आता पुढं ऐक."

पुढं म्हणजे पहिली रात्र. ढोरकी कंदील खाली ठेवते. बाई भिंतीले पाठ लावून उभी. तो जवळ येते, अन् थांबते. हात लावाच्या आधी थांबते, अन् विचारते, "तुले काय पायजे ते सांग. नाही म्हणशील तर मी गोठ्यात झोपतो."

दर पुस्तकात हे यायचं. ढोरकी बदलायचा, त्याच्या डोळ्यांचा रंग बदलायचा, कधी तो ठाणेदार असायचा तर कधी जेलमधून पळालेला, पण जवळ आला की थांबायचा अन् विचारायचा. ती हो म्हणायची, कधी लगेच, कधी शंभर पानांनी. मग तू चष्मा काढून पदरानं पुसायची, म्हणजे मले समजायचं, आता बटनं येतात. त्या बायांच्या पाठीले इतकी बटनं, की तू म्हणायची, "शोभे, आपली साडी बरी. इथं बिचाऱ्याचा अर्धा जीव बटनातच जाते." अन् मग जे काय व्हायचं ते तू सगळं सांगायची, काहीच गाळायची नाही, अन् आवाजही खाली करायची नाही. माझे कान तापायचे. मी म्हणायची, "बस कर वं," अन् तू खरंच थांबली की म्हणायची, "मंग?"

लोकांले वाटते, असली पुस्तकं बाया त्या पानांसाठीच वाचतात. ती पानं मस्त असायची, खोटं काहून बोलू? माझ्या अंगाले पण काही वाटू शकते, हे मले लग्न झाल्यावरही तुझ्याच तोंडून समजलं. माझ्या मायनं सांगतलं नाही, बहिणींनी सांगतलं नाही. तू सांगतलं. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, अन् आता कोणाले दाखवू? पण माझा जीव अडकायचा तो त्या पानांच्या आधी. तो थांबायचा ना, तिथं. मी लसूण सोलायची थांबायची, तू पण पानावरचं बोट हलवायची नाही, अन् कूलर तेवढा चालायचा.

अन् तिथूनच आपलं भांडण. "असा माणूस नसते," मी म्हणायची. "असते," तू म्हणायची. "कुठं असते? नंदनवनात? खाप्यात?" "पुस्तकात तर असते ना वं. कोणीतरी पाहिला असंन म्हणूनच लिहिला. एका पुस्तकात असता तर मी सोडून दिलं असतं, सगळ्यात कसा असंन?" मी म्हणायची, "गोऱ्यांमधे असंन." तू चिडायची. "बाई सगळीकडे बाईच असते, अन् माणूस सगळीकडे माणूस. तिकडं होऊ शकते तर इकडं होऊ शकते." इतके उन्हाळे आपण हेच भांडलो. मी हार मानली नाही अन् तूही नाही.

मी काहून मानू? एकदा तुझं ऐकून मी प्रयोग केला होता, तुले सांगतलं नव्हतं. संध्याकाळी चहा देताना मी याइले, माझ्या मालकाले, म्हटलं, "मले कधी काही विचारत जा ना." ते म्हणाले, "काय विचारू?" मी म्हटलं, "काहीबी. मले काय पायजे, असं." त्यांनी कप खाली ठेवला, खिशात हात घातला अन् म्हणाले, "किती पायजेत?" वाईट माणूस नाहीत ते. पण मी तुझ्या ढोरक्यावर त्या दिवसापासून जास्तच चिडून होती.

अन् तुझे मालकही वाईट नव्हते. दारू नाही, हात उचलणं नाही, दर रविवारी संत्र्याची थैली घेऊन येणारे. पण शाळेतून तुझ्यासाठी साडी अन् नारळ घरी आला होता, ते मी विसरली नाही. मी नवीनच होती या घरात. तू दार उघडलं, शिपाई म्हणाला, मॅडम, सगळ्यांनी निरोपाचं पाठवलं. तू विचारलं, "कोणाच्या निरोपाचं?" तुझे मालक आदल्या दिवशी मुख्याध्यापकांले भेटून सांगून आले होते, की नितीन लहान आहे, ती आता येणार नाही. तुले सांगाचं राहून गेलं म्हणे. राहून गेलं! तू नारळ देवापुढं ठेवला अन् कणीक मळाले बसली. त्याच उन्हाळ्यात तू पहिलं पुस्तक आणलं.

मंग या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर अन् नितीन बाहेर व्हरांड्यात बोलायचे, आत येऊन तुले सांगायचे. नळी लावायची ठरली. दुसऱ्यांदा दवाखान्यात न्यायचं ठरलं. घरी आणायचं ठरलं. सारं प्रेमानं ठरलं वं, नितीननं रात्र नाही पाहिली, दिवस नाही पाहिला, पोराले मी बोल लावणार नाही. त्यानंच ऊन वाढाच्या आत तुझ्या खोलीत एसी बसवला. आईले उकाडा नको. डॉक्टर म्हणाले, ओल पण नको. लोखंडी कूलर यंदा खिडकीत चढलाच नाही, गच्चीवर गेला.

ती खोली कशी झाली होती ते तुले अन् मलेच माहीत. थंडगार अन् चूप. बाहेर नितीन फोनवर बोलला तर आत शब्दन् शब्द यायचा, म्हणजे आतला बाहेरही जाणार. नवीन पुस्तक तू दुखणं निघाच्या आधीच आणून ठेवलं होतं, खाकी कव्हरसकट. कूलर चढायची वाटही पाहिली नाही आपण यंदा. एसीतच तू उशाशी घेऊन कुजबुजत सांगत होती. बाई आली, पेटी उतरली, पहिली रात्र झाली, त्यानं विचारलं, तो गोठ्यात जाऊन झोपला. मग पुढं त्यांचं भांडण झालं, तो ढोरं घेऊन निघून गेला, धुळीचं वादळ आलं. अन् वादळातून तो परत येते, दार ढकलते, ती समोर उभी आहे. तेवढ्यात तुझी सून प्राची औषध घेऊन आत आली. तू पानाचा कोपरा दुमडला अन् पुस्तक पांघरुणात घेतलं.

त्यानंतर तुझा आवाज उतरतच गेला. कुजबुजाचीही ताकद नव्हती अन् मोठ्यानं बोलाची सोय नव्हती. एका दुपारी तू माझं मनगट धरलं अन् म्हणाली, "शोभे, कूलर लाव ना वं." मी नितीनजवळ गेली. मी म्हटलं, बाबू, आईले कूलर पायजे. तो माझ्याकडे असा पाहाले लागला, जशी मी बह्याड झाली. "काकू, एसी असून कूलर? अन् डॉक्टरांनी ओल नको म्हटलं." मी काय सांगणार होती? तुझी आई कूलरशिवाय ढोरक्याची गोष्ट सांगू शकत नाही, असं? मी परत आली अन् म्हटलं, उद्या लावते. तुले समजलं. तू डोळे मिटले. सुमन, आयुष्यात तू तोंडानं मागितलेली ती एकच वस्तू मी ऐकली, अन् ती गच्चीवर पडून होती.

तेरवीनंतर मी पुस्तक घेऊन प्राचीकडे गेली. म्हटलं, लाज गेली खड्ड्यात, मले शेवट पायजे. शेवट गोडच असते हे मले माहीत आहे, तू म्हणायची ना, गोड होणार हे आधी माहीत असते म्हणून तर मधलं सारं सोसता येते. पण तो दारात उभा होता वं, त्याले तिथंच कसं सोडू? तुझी सून चांगली आहे. तिनं कव्हर काढलं, चित्र पाहिलं, "बाप रे, आई हे वाचायच्या?" म्हणाली अन् हसली. मग रडली. मग म्हणाली, "काकू, मले मागचं माहीत नाही, आधी थोडं चाळू द्या." चाळताना जिथं थांबली ते मोठ्यानं सांगाले लागली. पहिली रात्र होती ती.

तिनं सांगतलं, तो कंदील खाली ठेवते. मी म्हटलं, हो. बाई भिंतीले पाठ लावून उभी आहे. मी म्हटलं, हो, अन् आता तो थांबते अन् विचारते. प्राची म्हणाली, "नाही काकू. विचारत नाही." मी म्हटलं, नीट पाहा. तिनं पाहिलं. तो दाराची कडी लावते. ती नको म्हणते. तो ऐकत नाही. ती रडते, अन् पुढच्या पानावर लिहिलं आहे की मग तिले आवडाले लागलं. प्राचीचं तोंड कडू झालं होतं. "लय जुनी पुस्तकं आहेत ही, काकू. तेव्हा असंच लिहायचे."

मी उठली अन् तुझी ट्रंक उघडली. सारी व्याकरणं तिच्यापुढं ओतली. म्हटलं, ठाणेदाराचं पाहा, जेलवाल्याचं पाहा. पोरीनं पाहिलं, कंटाळा केला नाही. एक जण तिले खांद्यावर टाकून नेते, एक जण तिचा हात पिळते. गोठ्यात कोणीच झोपत नाही. बटनं होती, तेवढी सगळी होती, तू एक कमी-जास्त केलं नव्हतं. पण तो थांबणारा ढोरकी कुठंच नव्हता वं. तू कागदावरचं जसंच्या तसं मनात वाचायची अन् तोंडानं त्याले थांबवायची. दर उन्हाळ्यात, दर पुस्तकात, अन् नंतर माझ्याशीच भांडायची, की असा माणूस असते, पुस्तकात आहे!

जिंकली मी. ऐकलं का? इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकली, असा माणूस पुस्तकातही नव्हता. अन् मले वाटते, कोणीतरी येऊन मले खोटं पाडावं. तुले माहीत होतं, असा माणूस त्यात नाही, अन् तरी तू तिथं थांबून तो शब्द त्याच्या तोंडात घालायची. मनात अर्धं पान वाचताना त्या बाईचं काय होते ते तू एकटीच सोसायची, अन् मले बरं ते सांगायची. मी लसूण सोलत बसायची अन् म्हणायची, मंग?

प्राची म्हणाली, शेवट सांगू का? आता तेवढाच राहिला. मी नको म्हटलं. तो दार ढकलून आल्यावर काय करते, ते मले आता समजलं आहे. तू असती तर त्यानं दुसरंच काही केलं असतं.

आज दुपारी मी गच्चीवर गेली. फरशी तापली होती, पाय भाजत होते. कूलरच्या ताट्या वाळून कडक झाल्या, टाकीत कबुतराची पिसं. मी जिन्यातल्या बोर्डातून वायर ओढली अन् बटन दाबलं. पाणी नाही, गार हवा नाही, नुसता गरम वारा. पण पातं घासलं. घर्रर्र. मी त्याच्यासमोर बसकूर टाकून बसली, पुस्तक उघडलं, दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जसं तू ठेवायची. मले त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी थांबली. अन् मग तुझ्या ढोरक्यासारखं, पण मोठ्यानं, गळा फाटेस्तोवर विचारलं, "सुमन, तुले काय पायजे होतं वं?"

खाली नितीन होता, प्राची होती, शेजारची बाई वाळवण घालत होती. कूलर सुरू होता, म्हणून कोणालेच ऐकू गेलं नाही.